साडूचे सोळा माइक

कानसेन हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तानसेन होणं सगळ्यांच्या नशिबी नसतं, निदान कानसेन तरी व्हावं, असं कुणीतरी थट्टेत म्हणालं आणि ते नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच. बावीस वर्षं तो सभागृहांमधून आवाजाचं काम करत होता. व्याख्यानं, नाटकं, शाळांची संमेलनं, कंपन्यांच्या बैठका. नव्या सभागृहात शिरला की तो आधी एक टाळी वाजवायचा, मान तिरकी करून ऐकायचा आणि सांगायचा, "मागच्या भिंतीला जाड पडदा लावा. नाहीतर वक्त्याचं प्रत्येक वाक्य दोनदा ऐकावं लागेल." लोक निमूटपणे पडदा लावायचे.

स्पीकर त्याचे स्वतःचे होते, मिक्सर होता, केबलींनी भरलेली दोन पिंपं होती. बिनतारी माइक मात्र त्याने कधी विकत घेतले नव्हते. लागतील तेव्हा मागच्या गल्लीतल्या मावशींच्या दुकानातून भाड्याने आणायचे आणि काम झालं की पुसून परत द्यायचे. मावशी तशा कुणाच्याच मावशी नव्हत्या. साठीच्या, आखूड केसांच्या, कपाळावर चष्मा ठेवून तोच दुकानभर शोधत फिरणाऱ्या बाई. माइक, त्यांचा आवाज पकडणारे रिसीव्हर, बॅटऱ्या, सगळं त्यांच्याकडे खणांत नंबर लावून ठेवलेलं असायचं.

"बिनतारी माइक म्हणजे नाजूक पाहुणा," कानसेन म्हणायचा. "पडला की रुसला, घामाने भिजला की रुसला, हवेतली लहर जुळली नाही की रुसला. त्याचे रुसवे मावशींनी काढावेत. मी आपला दिवसापुरता यजमान."

अशी त्याची घडी छान बसलेली होती. ती विसकटली साडूमुळे.

साडू म्हणजे त्याच्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. कानसेनपेक्षा आठ वर्षांनी लहान. आधी तो रंगमंचाच्या सजावटीची कामं करायचा: पडदे, मागचे फलक, पाहुण्यांच्या मेजावरचं कापड. एक दिवस म्हणाला, "दादा, पडदे लावून झाले की मी नुसता बसून असतो. मला आवाजाचं शिकवा ना." कानसेनने शिकवलं. वर्षभर बरोबर फिरवलं. केबल कोपरावर गुंडाळायची नाही, तिची ओढ असेल तशी वळवायची. माइक हातात घेऊन स्पीकरपुढे जायचं नाही. वक्ता घाबरलेला असेल तर त्याचा आवाज सुरुवातीला थोडा वर ठेवायचा. शिकवताना त्याला बरंच वाटलं होतं. हा शिकून आपल्या पुढे जाईल, हे तेव्हा त्याच्या गावीही नव्हतं.

साडूचा कान यथातथाच होता. पण माणूस हसरा. सभागृहाच्या रखवालदारापासून अध्यक्षांपर्यंत सगळ्यांची नावं त्याच्या लक्षात राहायची. वक्ता बोलायला उभा राहण्याआधी त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवायचा. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी फोन करून विचारायचा, "सगळं मनासारखं झालं ना?" कानसेनने असा फोन बावीस वर्षांत एकदाही केला नव्हता. आवाज नीट लागला होता, हे ज्याला कान आहेत त्याला कळलंच असणार, मग विचारायचं काय?

हळूहळू कामं तिकडे जाऊ लागली. एक शाळा गेली. मग एक नाटक मंडळी गेली. साडूची नवी गाडी रस्त्यात दिसली की कानसेनला आपल्या गाडीचा दरवाजा जास्तच करकरतोय असं वाटायचं.

मे महिन्यातल्या एका रविवारी दोन्ही बहिणी आणि दोन्ही जावई सासूबाईंकडे जेवायला जमले होते. सासूबाईंना टीव्हीवरचं बोलणं नीट ऐकू येत नसे. साडूने खुर्चीच्या पाठीला एक लहानसा स्पीकर अडकवून दिला. सासूबाईंचा चेहरा उजळला.

"बघा, धाकट्यांनी दोन मिनिटांत केलं!" त्या कानसेनकडे वळून म्हणाल्या. "तुम्ही एवढे आवाजातले, पण तुमच्या काही लक्षात आलं नाही हो."

कानसेन हसला. घास चावताना दाताखाली खडा यावा तसं त्याला झालं. लक्षात आलं होतं. दोन वर्षांपूर्वीच आलं होतं. करू कधीतरी, म्हणून राहून गेलं होतं.

त्यानंतरच्या मंगळवारी तो चार माइक परत करायला मावशींकडे गेला, तेव्हा मावशी खणांमधून माइक काढून खोक्यात भरत बसल्या होत्या.

"दुकान बंद करताय की काय?" त्याने विचारलं.

"दुकान नाही, पट्टा बंद होतोय." त्यांनी एक कागद पुढे केला. "हवेतल्या लहरींचे पट्टे असतात ना, त्यातला हा एक पट्टा सरकार मोबाइल कंपन्यांना देतंय. पुढच्या वर्षाच्या पहिल्या तारखेपासून. मग या पट्ट्यावर टॉवर बोलणार, माइक नाही. माझे निम्मे माइक याच पट्ट्यातले. बनवणारी कंपनी जुने परत घेऊन नव्यावर सूट देतेय, पण नोव्हेंबरच्या शेवटापर्यंतच. म्हणून आत्ताच भरून ठेवतेय."

"आणि ज्यांना माहीत नाही त्यांचं काय?"

"त्यांचा खोळंबा." मावशींनी खोक्याला चिकटपट्टी लावली. "तू भाड्याने घेतोस, तुला काय त्याचं! हाच तर भाड्याचा फायदा."

कानसेनने कागदावरचे त्या पट्ट्याचे आकडे वाचले. त्याला आकडे पाठ करायची सवय होती. हेही राहिले.

त्याच आठवड्यात, शनिवारी दुपारी, साडू त्याच्या घरी आला. कानसेन जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून एका तारेच्या माइकची जाळी ब्रशने साफ करत होता. बायको शेजारी वह्या तपासत होती. ती शाळेत भूगोल शिकवायची.

"दादा, एक सल्ला हवाय," साडू खुर्ची ओढून बसला. "भाड्याने माइक आणून आणून कंटाळलो. परगावचं एक मोठं हॉटेल आपलं सगळं सामान काढून टाकतंय. सोळा बिनतारी माइक, रिसीव्हर, पेट्या, सगळं. नव्यासारखं आहे. निम्म्याहून कमी किमतीत देतायत. घेऊ, का भाड्यानेच चालवू? तुम्ही म्हणाल तसं."

त्याने मोबाइल पुढे केला. फोटोत एक रिसीव्हर पालथा ठेवलेला होता आणि त्याच्या पाठीवर आकड्यांची चकती होती. कानसेनने चष्मा लावला. तेच आकडे. मावशींच्या कागदावरचे.

हॉटेलवाले एवढ्या स्वस्तात का विकतायत, तेही त्याला त्या क्षणी कळलं.

एक वाक्य पुरलं असतं. "अरे, हा पट्टा जानेवारीत बंद होतोय." सात शब्दसुद्धा नाहीत. ते त्याच्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात बायकोने वहीतून डोकं वर काढलं.

"सोळा!" ती कौतुकाने म्हणाली. "बाई गं! तुमची धडाडीच वेगळी आहे भाऊजी. आमच्याकडे बावीस वर्षांत चार झाले नाहीत."

ती थट्टेत बोलली होती. साडूही संकोचला. "छे, ताई, दादांना कशाला लागतायत? त्यांच्या कानालाच लोक पैसे देतात."

पण वाक्य जिभेवरून मागे गेलं होतं. कानसेनने फोटो मोठा करून बघितल्यासारखं केलं. मग मोबाइल परत देत म्हणाला, "तुझ्या मनात आहे ना? मग घे की."

"नक्की? माल बरा वाटतोय ना?"

"माल चांगला आहे," तो म्हणाला. आणि माल खरोखरच चांगला होता.

साडू गेल्यावर तो बराच वेळ ती एकच जाळी घासत राहिला. आपण खोटं काही बोललो नाही, हे त्याने स्वतःला तीनदा सांगितलं. विकत घ्यायचं तर माणसाने चौकशी करावी. आपण काय त्याचे पालक आहोत? पण मूग गिळून बसलेल्या माणसाला ते पचत नाहीत. रात्री बायकोने विचारलं, "बरं नाही का?" तो म्हणाला, "अपचन झालंय."

साडूने माइक घेतले. कानसेनला वाटलं होतं, आता आपला जळफळाट थांबेल. ज्याचा शेवट आपल्याला ठाऊक आहे त्या गोष्टीचा हेवा कशाला वाटेल? पण झालं उलटंच. सोळा माइक काळ्या पेट्यांत रांगेने झोपलेले, प्रत्येकाच्या टोकाला वेगळ्या रंगाची पट्टी. साडूने ते सासूबाईंनाही नेऊन दाखवले. सासूबाईंनी एकेक हातात घेऊन बघितला. जूनपासून डिसेंबरपर्यंत ते माइक एकदाही चुकले नाहीत. कानसेन रोज वाट बघत होता आणि रोज ते उत्तम चालत होते.

ऑगस्टमध्ये घाव बसला. डॉक्टरांच्या संघटनेची वार्षिक परिषद गेली नऊ वर्षं त्याच्याकडे होती. तीन दिवस, मोठं सभागृह, देशोदेशीचे वक्ते. संघटनेच्या सचिवबाईंनी फोन केला आणि अतिशय गोड आवाजात सांगितलं, "या वेळी तुमच्या साडूंना देतोय. घरचंच आहे ना! त्यांच्याकडे सोळा माइक स्वतःचे आहेत, म्हणजे ऐनवेळी धावपळ नाही."

"माझी कधी धावपळ झाली होती का?" कानसेनने विचारलं.

"नाही हो, तसं नाही," सचिवबाई म्हणाल्या. आणि तसं नाही म्हणजे कसं, ते त्यांनी सांगितलं नाही.

परिषद जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात होती. कानसेनने तारीख ऐकली आणि त्याच्या पोटात काहीतरी गार आणि गोड सरकलं. त्याची त्याला लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून ते सरकायचं थांबलं नाही.

दुसऱ्याच दिवशी तो मावशींकडे गेला. "मला विकत घ्यायचेत," तो म्हणाला. "नव्या पट्ट्यातले. अठरा."

मावशींनी चष्मा शोधला, कपाळावर सापडला, डोळ्यांवर घेतला आणि त्याच्याकडे नीट बघितलं. "वर्षातून किती दिवस नेतोस तू माइक?"

"चाळीस-पंचेचाळीस."

"आणि एका वेळी?"

"चार. कधी सहा."

"मग अठरा कुणाच्या तोंडापुढे धरणार आहेस? जो माणूस वर्षातले शंभराच्या वर दिवस नेतो, त्याने विकत घ्यावेत. ज्याला रोज एकाच सभागृहात काम आहे, त्याने घ्यावेत. तुला कधी दोन लागतात, कधी सहा, दर वेळी वेगळी जागा. त्यात पट्ट्यांचा हा घोळ अजून मिटलेला नाही. वर्षभर थांब." मग त्या थांबल्या. "खरं सांग, तुला माइक घ्यायचेत की साडूची जिरवायचीय?"

कानसेन समोरच्या खोक्याची चिकटपट्टी नखाने उचकटू लागला.

"त्याला सांगितलंस ना पट्ट्याचं? त्याने ते हॉटेलचे घेतले म्हणे. कंपनीची सूट आहे अजून, नोव्हेंबरपर्यंत बदलून मिळतील."

"सांगितलं," कानसेन म्हणाला.

मे महिन्यात तो गप्प बसला होता. आता तो खोटं बोलला. दुकानातून बाहेर पडताना दोन्हींतला फरक त्याला स्पष्ट कळला, आणि तरीही तो साडूच्या घराच्या दिशेने वळला नाही. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. नोव्हेंबरच्या शेवटच्या दिवशी त्याने साडूचा नंबर काढला, अंगठा हिरव्या खुणेवर ठेवला, आणि समोरून आपण काय ऐकणार याचा विचार करून फोन खिशात टाकला. "तुम्हाला कधी कळलं, दादा?" असं साडूने विचारलं असतं तर? उशीर झाला की खरं बोलणंही महाग होतं.

परिषदेचं उद्घाटनाचं सत्र सगळ्यांना खुलं होतं. साडूने स्वतः येऊन आमंत्रण दिलं. "दादा, तुम्ही मधोमध बसा. आवाज कसा लागतोय ते मला तुम्हीच सांगू शकाल." कानसेन गेला. आवाज कसा लागतोय ते ऐकायला तो गेला नव्हता, हे त्याला पक्कं माहीत होतं. मधल्या रांगेत त्याच्या एका बाजूला बायको, तिच्या पलीकडे धाकटी. धाकटीने नवा कोट घातला होता आणि ती सारखी मान वळवून भरलेलं सभागृह बघत होती.

सकाळचे दहा वाजले. सचिवबाईंचं स्वागत नीट पार पडलं. मग एक ऐंशीच्या पुढच्या डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या. आयुष्यभर लहान मुलांच्या हृदयावर काम केलेल्या. त्यांचा आवाज आता कागदासारखा पातळ झाला होता. त्यांच्या कॉलरला साडूने छोटा माइक लावला होता. त्या बोलू लागल्या. पहिली दोन वाक्यं आली. तिसऱ्यात खरखर झाली. सभागृहात सातशे मोबाइल होते आणि बाहेर समोरच्याच इमारतीवर टॉवर. खरखरीचं फुरफुरणं झालं, मग आवाज पार गेला. बाईंचे ओठ हलत होते.

साडू कडेच्या पडद्यातून धावत आला, हसून माफी मागितली, माइकची बॅटरी बदलली. दोन वाक्यं, आणि पुन्हा तेच. त्याने हातातला माइक दिला. तो फटाकन वाजला, पहिल्या रांगेने कान झाकले. त्याने पुन्हा बॅटरी बदलली. त्याचं हसू अजून चेहऱ्यावर होतं, पण ते आता तिथे कुणीतरी विसरून गेल्यासारखं दिसत होतं.

हेच बघायला आलो होतो, कानसेनच्या मनात आलं. आठ महिने वाट पाहिलेली गोष्ट समोर घडत होती. त्याला आनंद व्हायला हवा होता. डॉक्टरीणबाई माइकशिवायच बोलत राहिल्या होत्या, एक हात मेजावर टेकवून, आणि मागच्या रांगा कुजबुजू लागल्या होत्या.

"अहो, काय होतंय?" बायको त्याच्याकडे झुकली. "बॅटरी गेली का?"

"बॅटरी नाही. पट्टा गेला. एक तारखेपासून तो टॉवरवाल्यांचा."

बोलून झाल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते. बायको त्याच्याकडे बघतच राहिली. ती हुशार बाई होती.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

त्याने तिच्या पलीकडे नजर टाकली. धाकटी पुढे बघत होती. तिने ऐकलं की नाही कळलं नाही.

"फोटो दाखवला तेव्हा?" बायकोने अगदी हळू विचारलं.

कानसेन उठला. रांगेतल्या लोकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत बाहेर आला, आणि गाडीकडे पळाला. त्याच्या गाडीत सामान कायम असायचं. एक पिंप त्याने खांद्यावर घेतलं, तारेच्या माइकांची पेटी काखेत मारली आणि मागच्या दाराने रंगमंचावर शिरला. साडू रिसीव्हरांपुढे उकिडवा बसून बटणं फिरवत होता. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"ते सोड," कानसेन म्हणाला. "ते आता चालणार नाहीत. हे टोक धर आणि डाव्या बाजूने ने. खुर्च्यांच्या मागून. टेप लाव, कुणी अडखळेल."

साडूने एक शब्द न विचारता टोक धरलं. सहा मिनिटांत चार तारा गेल्या. कानसेनने डॉक्टरीणबाईंपुढे उभा माइक ठेवला, त्यांच्या हनुवटीच्या उंचीला आणला, आणि वाकून म्हणाला, "बाई, अगदी घरी बोलता तसं बोला. बाकीचं मी बघतो." तो मिक्सरशी जाऊन उभा राहिला. त्या बोलल्या. तो पातळ आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला, त्यातली थरथरसुद्धा गेली. सभागृह शांत झालं.

बाकीचा दिवस लंगडत पार पडला. वक्ते माइक एकमेकांकडे सरकवत राहिले. सचिवबाई दोनदा येऊन साडूला कोपऱ्यात घेऊन बोलून गेल्या. जेवणाच्या सुट्टीत रंगमंचामागे दोघेच उरले. साडूने पाण्याची बाटली कानसेनपुढे केली.

"दादा, आज तुम्ही होतात म्हणून निभावलं," तो म्हणाला.

शिव्या दिल्या असत्या तर कानसेनला सोपं गेलं असतं.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "मे महिन्यात तू फोटो दाखवलास, तेव्हाच. हा पट्टा जाणार हे मला ठाऊक होतं."

साडूला आधी समजलंच नाही. मग समजलं. "मग बोलला का नाहीत?"

नक्की नव्हतं, उडती बातमी होती, विसरलो: तिन्ही उत्तरं कानसेनकडे तयार होती. "बोलावंसं वाटलं नाही," तो म्हणाला.

"मी तुमचं काय वाईट केलं होतं, दादा?"

"काहीच नाही."

साडूने जमिनीवरची तार पायाने कडेला सरकवली. मग त्याने बाटलीचं झाकण लावलं. "या तारा परवापर्यंत राहू द्या," तो म्हणाला. "परिषद संपली की पोचवतो." आणि तो आत गेला.

घरी जाताना सिग्नलला गाडी थांबली तेव्हा बायको म्हणाली, "त्याचं नुकसान झालं ते एक वेळ भरून निघेल. पण त्याने तुम्हाला विचारलं होतं हो. चालून आला होता विचारायला."

त्यानंतरचे महिने वाईट गेले. धाकटी ताईला फोन करायची, पण कानसेनने उचलला तर "ताई आहे का?" यापलीकडे एक अक्षर नाही. सासूबाईंना कुणी काही सांगितलं नाही, म्हणून त्या त्याच्याशी पूर्वीसारख्याच वागत आणि ते त्याला जास्त टोचे. मावशींनी सगळं ऐकल्यावर एवढंच म्हटलं, "माझ्या तोंडावर 'सांगितलं' म्हणालास रे." त्या दिवसापासून माइक नेताना त्या त्याच्यापुढे वही सरकवू लागल्या. "इथे सही कर." बावीस वर्षांत त्याने तिथे कधी सही केली नव्हती.

नव्या पट्ट्याचे माइक घ्यायला निम्मा वाटा मी देतो, असा निरोप त्याने बायकोकरवी पाठवला. साडूचं उत्तर आलं: "नको म्हणावं. मी मावशींकडून भाड्याने घेईन." आणि तो घेऊ लागला. त्याचे दिवस जास्त असत, म्हणून मावशी त्याला चांगले माइक आधी देत. एकदा कानसेन दुकानात शिरला तर साडू आणि मावशी कसल्यातरी विनोदावर हसत होते. त्याला बघून दोघेही थांबले. आणि तिथे, एवढं सगळं होऊन गेल्यावरही, कानसेनच्या मनात तीच जुनी हेव्याची कळ उठली.

त्या संध्याकाळी तो बायकोपुढे जाऊन बसला. "मला त्याचा हेवा वाटतो," तो म्हणाला. "लोक त्याच्याशी हसतात त्याचा. तो फोन करून विचारतो त्याचा. आजही वाटला."

बायकोने लाल पेन वहीवर ठेवलं. "मला ठाऊक आहे. त्यांचं लग्न झाल्यापासून ठाऊक आहे." मग म्हणाली, "वाटू दे. वाटण्यावर कुणाचा ताबा असतो? पण पुन्हा मुकाट बसू नका."

ऑगस्टमध्ये सचिवबाईंचा फोन आला. आवाज तसाच गोड. "या जानेवारीची परिषद तुम्हीच घ्या. गेल्या वेळचा गोंधळ काही विसरलो नाही आम्ही. त्यांच्या बेजबाबदारपणामुळे केवढी नामुष्की झाली!"

कानसेनला वर्षभर ज्या वाक्याची भूक होती ते हेच. "हो" म्हणायला कितीसा वेळ लागतो! तो खिडकीशी गेला, परत आला.

"ती चूक त्याची नव्हती," तो म्हणाला. "ते माइक बंद पडणार हे मला आधीपासून माहीत होतं. त्याने मला विचारलं होतं आणि मी त्याला सांगितलं नाही. बेजबाबदारपणा माझा होता."



"अहो, पण मग तुमच्यावर तरी आम्ही विश्वास कसा ठेवायचा?" सचिवबाईंनी विचारलं. गोडवा कुठल्या कुठे गेला होता.

"तेही बरोबरच आहे," कानसेन म्हणाला.

परिषद पुन्हा साडूकडे गेली. सोळा माइक, नव्या पट्ट्यातले, तीन दिवसांसाठी मावशींच्या दुकानातून. कानसेनला आमंत्रण नव्हतं. त्या सकाळी तो घरी बसून तापलेल्या डागणीने केबलींची तुटलेली टोकं जोडत होता. आता डॉक्टर जमले असतील, आता दिवे मंद झाले असतील, आता साडू कुणापुढे तरी पाण्याचा पेला ठेवत असेल, असं एकेक त्याच्या डोळ्यांपुढे येत होतं आणि एकेक टोचत होतं. डागणीचं टोक दोनदा बोटाला लागलं. बायको शाळेत गेली होती. घरात चिटपाखरू नव्हतं.

साडेअकराला फोन वाजला. पडद्यावर साडूचं नाव होतं. वर्षभरात पहिल्यांदा.

"दादा," साडू घाईत होता, आवाज कोरडा होता. "वरच्या लहान दालनात घुमतंय. पोडियम भिंतीला खेटून आहे, छत उतरतं. खालचे सूर कमी करून बघितले, तरी घुमतंय. दहा मिनिटांत सत्र सुरू होईल."

कानसेनने डागणी बाजूला ठेवली आणि डोळे मिटले. ते दालन त्याला पाठ होतं.

"पोडियम चार पावलं पुढे घे," तो म्हणाला. "भिंतीपासून लांब. स्पीकर छताकडे बघत असतील, ते खाली वाकव, लोकांच्या छातीकडे. उजवीकडची काचेची खिडकी आहे ना, तिचा पडदा ओढ. पूर्ण. मग खालचे सूर परत होते तसे कर, नाहीतर आवाज किरटा येईल. आणि जे बोलत नाहीत त्यांचे माइक बंद ठेव, उघडे ठेवू नकोस."

"चार पावलं. स्पीकर खाली. पडदा. बरं." मागून खुर्च्या सरकवल्याचा आवाज आला. "ठेवतो."

फोन बंद झाला. आभार वगैरे काही नाही. कानसेनने फोन समोरच ठेवला. वीस मिनिटांनी एक निरोप आला: "घुमायचं थांबलं."

त्याने तो वाचला. हेव्याची कळ काही गेली नव्हती; होती तिथेच होती. त्याने फोन पालथा ठेवला, डागणी गरम झाली की नाही ते पाहिलं आणि पुढची केबल ओढली.